शब्दचर्चा : गाणं ‘ड्रॉप’ होतं म्हणजे पडतं का?

पानभर
आमच्या मंडळाच्या पत्रिकेत इंग्रजी पॉप गाण्यांवर दर महिन्याला पानभर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ‘सिंगल्स चार्टमध्ये या आठवड्यात नंबर वन’ असं लिहिलं की संपादक काकू लाल पेनने गोल करतात. त्यांची सूचना : ‘एकल गीतांच्या तक्त्यात प्रथम’. एकल म्हटलं की मला पालकत्व आठवतं आणि तक्ता म्हटलं की शाळेच्या भिंतीवरची पचनसंस्था. शिवाय ‘पुढच्या शुक्रवारी नवीन सिंगल ड्रॉप होणार’ हे कसं लिहू? तुम्ही बोलताना काय म्हणता ते सांगा. शब्दकोशातलं काकूंकडे आहे.

तबकडीवाला
सिंगल म्हणजे सुटं गाणं. सुटं तेल, सुटे पैसे, तसं. आमच्या घरात ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या होत्या. एका बाजूला एक गाणं, साधारण तीन-साडेतीन मिनिटांचं, आणि उलटली की दुसरं. जी. एन. जोशींचं ‘रानारानात गेली बाई शीळ’ घराघरांत गेलं ते असंच, तबकडीवरून. म्हणजे आपले आजोबा सिंगलच विकत घेत होते, फक्त त्याला रेकॉर्ड म्हणत होते. आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आणली १९४९ मध्ये, आणि पॉपवाल्यांचा सिंगल तिच्यावर वाढला. आदल्याच वर्षी कोलंबियाची एलपी, म्हणजे बरीच गाणी मावणारी मोठी तबकडी, आली होती, म्हणून तर ‘सुटं’ असं वेगळं सांगायची वेळ आली. सगळीच गाणी सुटी असताना कोण कशाला सांगेल?

कोपऱ्यातली खुर्ची
चार्टला ‘पायदान’ होताच की! बिनाका गीतमाला विसरलात? रेडिओवर हिंदी सिनेगीतांचा क्रम लावायचे, त्यातल्या क्रमांकाला पायदान म्हणायचे. अमीन सयानींचा आवाज आणि बुधवारची रात्र.

पानभर
पायदान काकू हिंदी म्हणून कापतील. ‘पायरी’ म्हणू का?

कोपऱ्यातली खुर्ची
पायरी नको. मराठीत पायरी सोडतात, पायरी ओळखून राहतात, नाहीतर तिचा रस काढतात. ‘गाणं तिसऱ्या पायरीवर’ म्हटलं की ते खाली बसवल्यासारखं वाटतं.

गंमत अशी की ब्रिटनमधली अशी पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ ला न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या साप्ताहिकाने छापली, वीसेक दुकानांना फोन करून काय खपलं ते विचारून. आणि गीतमाला सुरू झाली त्याच वर्षी डिसेंबरात, रेडिओ सिलोनवर. तिला ऐकणारे मिळाले ते बरेचसे आपल्याच बाळकृष्ण केसकरांमुळे. नभोवाणी मंत्री म्हणून त्यांनी आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली आणि सगळा देश सिलोनकडे सुई फिरवून बसला. सुरुवातीला गीतमालेत सात गाणी क्रम न लावता वाजायची. क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा.

अकरावी ब
ड्रॉपबद्दल बोला ना कोणीतरी. आम्ही सरळ ‘गाणं ड्रॉप झालं’ म्हणतो. मागे आजीला म्हटलं, अमुकचं गाणं ड्रॉप झालं, तर ती म्हणाली, अरेरे.

तबकडीवाला
आजी बरोबर आहे. मराठीत सिनेमा पडतो, नाटक पडतं. पडलं म्हणजे आपटलं. आणि वर्ष ड्रॉप घेणारा तर आणखीच वाईट. ‘गाणं येतंय’ म्हणा. नुसतं ‘येतंय’ पुरतं.

कोपऱ्यातली खुर्ची
पानाच्या मथळ्याला ‘येऊ घातलेली गाणी’ चालेल.

पानभर
येऊ घातलेलं संकट असतं ना?

कोपऱ्यातली खुर्ची
काही गाण्यांना ते लागू पडतं.

लेस्टरकर
उशिरा आलो. १९९६ पासून इकडे ब्रिटनमध्ये आहे. तेव्हा रविवारी संध्याकाळी बीबीसीच्या रेडिओ १ वर चार्ट लागायचा आणि मी कॅसेटवर गाणी उतरवायचो, निवेदक मध्ये बोलू नये म्हणून देव पाण्यात ठेवून. जुलै २०१५ मध्ये गाणी शुक्रवारी यायला लागली आणि चार्टही शुक्रवारी गेला. मजा गेली ती गेलीच.

माझं मत : आधी मोजतात काय ते बघा, मग शब्द शोधा. १९५२ ला मोजलं ते खपलेलं. २०१४ पासून ऑनलाइन ऐकलेलंही धरतात. म्हणजे आता गाजलेलं नाही, वाजलेलं मोजतात.

तबकडीवाला
यमक छान, पण गाणं वाजत नाही हो. बाजा वाजतो, घड्याळात बारा वाजतात. गाणं *लागतं*. आत्ता तुम्हीच वर ‘चार्ट लागायचा’ लिहिलंय.

लेस्टरकर
मान्य! आणि यात तर सगळं आलं. रेडिओवर गाणं *लागतं*, मोबाइलवर आपण ते *लावतो*. ब्रिटनचा चार्ट खपलेली आणि लावलेली गाणी मोजतो, रेडिओवर लागलेली मोजत नाही. अमेरिकेचा चार्ट, हॉट १००, लागलेलीही धरतो. त्यामुळे तिथं एखादं गाणं वर चढलेलं असतं आणि इथं त्याचा पत्ता नसतो.

तबकडी घरी आणली की चार्टपुरता विषय संपला, मग ती शंभरदा लावा. आता प्रत्येक वेळी लावलेलं मोजतात, अर्धा मिनिट ऐकलं तरी पुरे. म्हणून वॅम या ब्रिटिश जोडीचं ‘लास्ट ख्रिसमस’, १९८४ चं गाणं, पहिल्यांदा एक नंबरला गेलं ते जानेवारी २०२१ मध्ये. मला जुनं गाणं वर आलेलं आवडतं, पण दर डिसेंबरला तीच वरात? नव्या गाण्यांनी जायचं कुठं?

अकरावी ब
आणि आपण न लावता आपोआप पुढचं लागतं ते? ते लागलं की लावलं?

लेस्टरकर
लावलेल्यात धरत असावेत. व्याकरणाने मात्र ते लागलेलंच.

कोपऱ्यातली खुर्ची
मग ‘सुटं गाणं’ही गेलं. एड शीरनचा अल्बम आला २०१७ मध्ये, त्याची सोळा गाणी एकदम पहिल्या विसात होती. लोकांनी अख्खा अल्बम लावला, झाली सगळी सुटी. मग नियम आला की एका मुख्य गायकाची तीनच धरायची.

तबकडीवाला
तीनच? लग्नाच्या पंगतीत जिलबी मोजून वाढतात तसं झालं. पण बरं केलं.

पानभर
आभार सगळ्यांचे. असं लिहून पाठवलं : ‘ब्रिटनमध्ये या आठवड्यात सर्वांत जास्त लावलेली आणि खपलेली सुटी गाणी’, आणि खाली चौकटीत ‘पुढच्या शुक्रवारी येतायत’. चार्टला क्रमवारी. सिंगल हा शब्द एकदाच, कंसाशिवाय.

काकूंनी ‘खपलेली’ भोवती गोल केलाय. बाजूला लिहिलंय : ‘कोण खपलं?’