झाडाला किंमत लावली की झाड वाचतं?

पारंबी
परवा इथे 'भावना आवरा, आकडे मांडा' असा लेख आला. म्हणणं एवढंच, की झाडं वाचवायची तर त्यांना रुपयांत किंमत लावा, हळहळून काही होत नाही. पुरावा म्हणून सुप्रीम कोर्टाच्या समितीचा, २०२१ मध्ये गाजलेला अहवाल दिला होता. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं तोडायची होती. समितीने एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली, शंभरी ओलांडलेल्याची एकूण किंमत एक कोटीच्या वर. प्रतिसाद लिहायला घेतला तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

किंमत लावल्याने झाड वाचत नाही, विकायला निघतं. जंगलाच्या बाबतीत हे करून झालंय. २००८ मध्ये कोर्टानेच वनजमीन प्रकल्पांसाठी वळवायला हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख असे दर ठरवून दिले. पुढे काय झालं? प्रकल्पाच्या खर्चात एक रकाना वाढला. पैसे भरले, जंगल गेलं, आणि वर 'आम्ही भरपाई दिली' म्हणायची सोय झाली.

उलट मिरज तालुक्यातलं भोसे आठवा. २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड तिथला सुमारे ४०० वर्षांचा वड येत होता. लोक हिशेब घेऊन नव्हे, झाडासाठी उभे राहिले. फोटो फिरले, ओरड दिल्लीपर्यंत गेली आणि रस्ता सरकला. माझ्या लेखी वडाला जगायचा हक्क आहे, तो मला काय देतो यावर तो अवलंबून नाही. हे पटत नसेल तर पुढचं सगळं बोलणं फोल आहे.

आकडेमोड
तो लेख माझा. उत्तर देतो.

भोशाचा एक वड वाचला. त्याच रस्त्यावरच्या चिंचा, कडुलिंब किती गेले, कुणी मोजले? त्यांना जगायचा हक्क नव्हता, की त्यांचा फोटो चांगला येत नव्हता? भावनेवर सोडलं की देखणी, जुनी, देवळाजवळची झाडं वाचतात आणि साधी झाडं मुकाट्याने जातात.

मी आमच्याकडच्या वृक्षतोडीच्या सुनावण्यांना जाऊन बसतो. 'घरटी आहेत' म्हटलं की समोरचे मोबाइल काढतात. अंदाजपत्रकात झाडापुढे शून्य असतं म्हणून रस्ता झाडातून जातो. तिथे ७४,५०० गुणिले झाडाचं वय लिहा, अभियंता आपणहून वळण काढेल. तुमचा हक्क बरोबर असेलही, पण तो त्या टेबलावर दिसत नाही.

मिरजेचा
तो वड २०२२ च्या जूनमध्ये पडला, हे दोघांनाही ठाऊक नाही? वाचला तेव्हा सगळा महाराष्ट्र आमच्या गावात होता. त्यानंतर त्याच्या मुळांचं काय चाललंय हे बघायला किती जण आले? लहानपणापासून त्याखाली बसलोय म्हणून राग येतो. तुमची किंमतही नको आणि हक्कही नको. झाड वाचवलं म्हणता तर मागाहून सांभाळा.

माळावरचा
समितीच्या ७४,५०० मधले ४५,००० नुसत्या ऑक्सिजनचे आहेत. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे, त्याची टंचाई नाही. झाड मेलं, कुजलं की बराचसा परत खर्चही होतो. म्हणजे जे कमी पडत नाही त्यालाच सगळ्यात जास्त भाव. सावली, पाणी, पाखरं मात्र किरकोळीत.

आता माझं खरं दुखणं. झाडाला भाव, मग गवताला काय? सोलापूर-नगरकडच्या माळावर कुसळी, पवन्या, मारवेल आहे. त्यावर काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड आणि आमची मेंढरं जगतात. सरकारी नकाशात ती पडीक जमीन. २०१९ च्या ३३ कोटींच्या लागवडीच्या हाकाटीत आमच्या चराईच्या माळावर चर खणून गिरिपुष्प लावलं. मेंढरू त्याला तोंड लावत नाही. खाली गवत मेलं. खोकडाची बिळं होती तिथे आज रांगेत खड्डे आहेत. आणि हे सगळं 'पर्यावरण' म्हणून झालं! गवताचा बहुतेक कार्बन मातीत, मुळांत असतो, वरून दिसत नाही म्हणून त्याची किंमत शून्य. तुमची ही वृक्षभक्ती माळाच्या मुळावर आली आहे.

पारंबी
माळावर झाडं लावा असं मी कुठे म्हटलं? दुसऱ्यांचं पाप माझ्या पदरात टाकू नका.

माळावरचा
तुम्ही म्हटलं नाही. पण 'झाड म्हणजे निसर्ग' हे शहरात तुमच्यासारख्यांनीच रुजवलं. वाढदिवसाला झाड, लग्नात झाड. गवतासाठी कुणी मानवी साखळी केलेली ऐकलीय?

बागायतदार
कोकणातून लिहितोय. हक्काबिक्काच्या गप्पा केलडी (लाल तोंडाची माकडं) आणि वांदर दारात नसलेल्यांना सुचतात. कोवळे नारळ पाडतात, मोहोर झाडतात, फणस फोडतात. नाचणी आणि भुईमूग आम्ही सोडला, कारण राखणीला माणूस नाही. अर्धी वाडी मुंबईला. माकडांना हात लावला तर गुन्हा आमच्यावर, नुकसान झालं तर हेलपाटे आमचे. निसर्गाची किंमत लावायची तर आधी ती आजवर कोण भरतंय ते लिहा. पुण्यात टेकडीवर बिबट्या दिसला की तुम्हीच पिंजरा मागता ना?

पारंबी
पुण्याचा काय संबंध? मी पिंजरा मागितलेला नाही. दर वेळी 'शहरी' म्हणून तोंड बंद करायचं असेल तर चर्चा कशाला?

माळावरचा
बागायतदारांचं मला कळतं. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर धरलं, त्यात गावंच्या गावं आणि शेतं आली. लोकांना आपल्याच जमिनीचा व्यवहार करता येईना. पुढे ते १,२२२ वर आणलं, पण तोवर माणसांच्या मनातून माळढोक उतरला होता. माझ्या चुलत्याने उभ्या आयुष्यात माळढोकाच्या अंड्याला काठी लागू दिली नाही. अभयारण्यानंतर त्याच तोंडाने 'एकदाचा जाऊ दे तो पक्षी' असं बोलायचा. किंमत नव्हती तेव्हा त्याने जपला. हा पुरावा कोणाच्या बाजूचा, ते तुम्ही दोघं ठरवा.

आकडेमोड
माझ्या बाजूचा. चुलत्यांना राखणीचा मोबदला मिळाला असता तर ते तसं बोलले नसते. ऑक्सिजनबद्दल तुमचं बरोबर आहे, तो आकडा फुगवलेला आहे. पण चुकीचा आकडा दुरुस्त करता येतो. शून्य दुरुस्त करायला कुणी बसत नाही. माळालाही हेक्टरी दर लावा, मातीतला कार्बन आणि चराई धरून. मी स्वतः मांडणी करून देतो.

माळावरचा
करून द्या, वाचेन. पण तो दर लागला की सौर प्रकल्पवाला भरेल आणि माळ घेऊन जाईल. पारंबीताईंनी जंगलाचं जे लिहिलं तेच. एवढ्यापुरतं त्यांचं मला पटतं. बाकी नाही.

पारंबी
एवढं तरी पटलं. आकडेमोड, तुमच्या सुनावणीत शून्य असतं हे मी मान्य करते. तिथे आकडा घेऊन जा, मी आडवी येणार नाही. पण त्या आकड्याशेजारी एक ओळ लिहा, की ही रक्कम भरली म्हणून तोडायची परवानगी मिळत नाही. ती ओळ लिहायला तयार आहात का?

आकडेमोड
मग दर कशासाठी?

पारंबी
परवानगी नाकारताना, दिली असती तर काय गेलं असतं ते कळावं यासाठी. वसुलीसाठी नव्हे.

बागायतदार
आणि आमच्या नारळांचं?

मिरजेचा
भोशाच्या वडाच्या फांद्या लावून नवी झाडं उभी करायची म्हणत होते. त्यांना पाणी घालायला कोण येणार, ते आधी सांगा.