मात्ती पेलोनपा : नट की कौरिस्माकींचा पुतळा?

जुनाट : ‘पेलोनपा हा नटच नव्हे, फिन्निश दिग्दर्शक आकी कौरिस्माकींनी चौकटीत उभा केलेला मिशाळ पुतळा आहे,’ असे परवा येथे कोणीतरी लिहून मोकळे झाले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. ज्याने १९६२ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, फिनलंडच्या सरकारी नभोवाणीवर कामाला सुरुवात केली आणि सत्तरच्या दशकात हौशी रंगभूमीवर वावरत असतानाच १९७७ साली नाट्यशिक्षण पूर्ण केले, तो माणूस कौरिस्माकींच्या १९८६च्या ‘शॅडोज इन पॅरडाइज’ या चित्रपटात कचरागाडीवरचा निकांदर होऊन येतो, तेव्हा त्याच्या पाठीशी जवळजवळ पाव शतकाची मेहनत असते. आवडलेल्या बाईला पहिल्याच भेटीत बिंगो खेळायला नेणारा हा गृहस्थ हास्यास्पद न होता केविलवाणा होतो. पुतळ्याला हे जमते काय?

तिरशिंगराव : ते विधान माझेच आहे आणि मी ते मागे घेत नाही. कौरिस्माकींच्या चित्रपटांत अभिनेत्री काटी ओउटिनेनही तशाच निर्विकार असतात. सगळेच नट एकसारखे दिसत असतील, तर श्रेय दिग्दर्शकाचे मानावे लागते. लहानपणी कोणी नभोवाणीवर चार वाक्ये बोलला, हा काही पुरावा नव्हे.

श्रुतिकाप्रेमी : ‘चार वाक्ये’? माझ्या वडिलांनी तीस वर्षे श्रुतिकांत कामे केली आणि नाटकवाल्यांनी त्यांना कधी नट म्हटले नाही, तोच तुच्छतेचा सूर येथे पुन्हा ऐकू येतो आहे. कागदाची सळसळ होऊ नये म्हणून ते पान उलटताना श्वास रोखीत. ध्वनिक्षेपकापुढचा विराम क्षणभर लांबला तरी ऐकणाऱ्याला यंत्र बिघडल्यासारखे वाटते, त्यामुळे गप्प किती राहायचे हे नभोवाणीचा नट जितके जाणतो तितके इतर कोणी जाणत नाही. अमेरिकन दिग्दर्शक जिम जार्मुश यांच्या ‘नाइट ऑन अर्थ’ या चित्रपटात (१९९१) पेलोनपा हेलसिंकीतल्या टॅक्सीत तीन झिंगलेल्या उतारूंना आपल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची गोष्ट सांगतो. तेथे तो स्टिअरिंगमागे जखडलेला आहे, म्हणजे जे काही आहे ते आवाजातच आहे.

तिरशिंगराव : आपल्या वडिलांविषयी आदर आहे. परंतु आपल्याला फिन्निश येते काय? आपण पडद्याच्या तळाची भाषांतराची अक्षरे वाचता आणि आवाजाचे कौतुक करता!

एस्पोकर : मला येते, मोडकीतोडकी. नऊ वर्षे फिनलंडमध्ये राहूनही ‘तुली’ म्हणजे आग आणि ‘तूली’ म्हणजे वारा यांत मी घोटाळा करतो आणि दुकानदार हसतात. या भाषेत स्वराच्या लांबीवर अर्थ फिरतो, म्हणून ऐकण्याला महत्त्व आहे. शिवाय कौरिस्माकींची पात्रे बोलीत बोलत नाहीत, छापील ग्रंथभाषेत बोलतात. कचरागाडीवरचा माणूस पाठ्यपुस्तकातले वाक्य उच्चारतो आणि तरीही ते त्याचेच वाटते, ही करामत लिहिणाऱ्याची नाही, बोलणाऱ्याची आहे.

तिरशिंगराव : मग कौरिस्माकींच्या ‘ला व्ही द बोएम’ या फ्रेंच चित्रपटाचे काय? तेथे फ्रेंच न येता पेलोनपाने नुसते ध्वनी पाठ करून म्हटले आणि त्याच कामासाठी १९९२चा युरोपीय सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळवला. भाषा न समजताही पुरस्कार मिळतो, हे तर माझ्याच बाजूचे झाले.

जुनाट : आपण तो चित्रपट पाहिला आहे की केवळ त्याच्याविषयी वाचले आहे? त्यातला पेलोनपाचा रोदोल्फो हा पॅरिसमध्ये उपरा असलेला अल्बेनियन चित्रकार आहे, त्याने अस्खलित फ्रेंच बोलणे हीच चूक ठरली असती.

तिरशिंगराव : पाहिला आहे, आणि सूर जरा खाली ठेवावा. उच्चाराचा मुद्दा मान्य, तेवढाच.

एस्पोकर : १३ जुलै १९९५ रोजी, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पेलोनपा गेला. कौरिस्माकींचा ‘ड्रिफ्टिंग क्लाउड्स’ हा चित्रपट त्याच्यासाठी लिहिलेला होता. तो गेल्यावर कौरिस्माकींनी पटकथा बदलून ओउटिनेन यांना केंद्रस्थानी आणले, आणि चित्रपटातल्या दांपत्याच्या दिवंगत मुलाचे छायाचित्र म्हणून पेलोनपाचेच बालपणीचे छायाचित्र वापरले. एकाच्या जागी दुसरा पुतळा सहज बसतो, मग पटकथा बदलावी का लागली?

तिरशिंगराव : त्या छायाचित्रापाशी माझाही घसा दाटला होता, हे कबूल करतो. मात्र तेथेही तो हललेला नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.