मदत हवी आहे: व्हायरस काढला, तरी लॅपटॉप सुरू केला की एरर येते

रानजाई
काल अँटिव्हायरसने व्हायरस पकडून काढून टाकला. आता स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही. तरी लॅपटॉप सुरू केला की एररची चौकट उघडते. चार वेळा रीस्टार्ट केला. उद्या सकाळी ८ ला ऑनलाइन शिकवणी आहे, मुलांसमोर हे नको. लवकर सांगा कुणीतरी.

सुतारपक्षी
चौकटीत काय लिहिलंय ते जसंच्या तसं द्या. विंडोज कुठलं?

कोकणकडा
सरळ फॉरमॅट मारा. एकदा व्हायरस शिरलेल्या मशीनवर माझा तरी विश्वास बसत नाही. मी बॅकअप घेऊन सी ड्राइव्ह कोरा केला, तेव्हाच शांत झोप लागली.

रानजाई
फॉरमॅट नको हो! दहावीच्या सगळ्या नोट्स त्यात आहेत. विंडोज १०. वर 'विंडोज स्क्रिप्ट होस्ट', खाली 'कॅन नॉट फाइंड स्क्रिप्ट फाइल', मग लांबलचक पत्ता, त्यात अ‍ॅपडेटा, रोमिंग आणि शेवटी कसलीतरी अक्षरं डॉट व्हीबीएस.

सुतारपक्षी
मग घाबरू नका. ती व्हीबीएस फाइल म्हणजेच व्हायरस, ती गेली. पण 'ही फाइल चालव' अशी नोंद त्याने विंडोजमध्ये करून ठेवली होती, ती राहिली. विंडोज फाइल शोधतं, मिळत नाही, म्हणून चौकट. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप उघडा आणि त्या नावाची नोंद डिसेबल करा. पेनड्राइव्हमधून आला का?

मोगरा_१२
कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी स्कॅननाऊ चालवा. माझं त्यानेच सुटलं होतं.

सुतारपक्षी
मोगरा, ते विंडोजच्या स्वतःच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करतं. ही फाइल विंडोजची नव्हेच. ताईंचा तासभर फुकट जाईल.

मोगरा_१२
चालवून नुकसान तर नाही ना? प्रत्येक वेळी दुसऱ्याचा अनुभव खोडायलाच हवा का?

रानजाई
भांडू नका, प्लीज. स्टार्टअपमधली नोंद बंद केली, तरी चौकट आत्ता परत आली. दर अर्ध्या तासाने येतेच ती. आणि हो, पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेला होता, तेव्हापासून सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत.

सुतारपक्षी
अर्ध्या तासाने येते हे आधी सांगायचं ना! मग दुसरी नोंद टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये आहे. स्टार्ट मेनूत नाव टाइप करून उघडा, डावीकडे लायब्ररीवर क्लिक करा. एकेक टास्क निवडून खाली 'अ‍ॅक्शन्स' बघा. जिथे तीच व्हीबीएस दिसेल तेवढीच डिलीट करा, बाकीच्यांना हात नको. नाही सापडली, तर मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स घ्या, आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या नोंदी दाखवतं, फुकट आहे. ज्यांची फाइल गायब आहे त्या नोंदी त्यात पिवळ्या दिसतात.

कोकणकडा
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी विंडोज सोडून लिनक्सवर गेलो, हे प्रकारच बंद झाले. कोणतं घ्यावं ते सांगतो, विचारा.

रानजाई
सापडली! अपडेट असं नाव घेऊन बसली होती. डिलीट केली, पाऊण तास झाला, चौकट नाही. सुतारपक्षी, खूप खूप आभार. आता पेनड्राइव्ह लावू का? प्रश्नपत्रिका त्यातच आहे.

सुतारपक्षी
लावा, पण आतल्या शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. आधी अँटिव्हायरसने स्कॅन करा. फोल्डर गेलेले नाहीत, नुसते लपवलेत. स्कॅन झाला की इथे लिहा, मी जागा आहे.