संपादक कथेतला प्रसंग काढायला सांगतायत, खरंच केस होते का?

निशिगंधा_७:
मंडळी, एका दिवाळी अंकाला दीर्घकथा दिलीये. काल संपादकांचा फोन आला, नवराबायकोचा रात्रीचा प्रसंग काढा नाहीतर अश्लीलतेची केस होईल म्हणे. जेमतेम दीड पान आहे, पण नवरा कडी लावतो आणि ती नको म्हणते ते काढलं तर पुढे ती घर का सोडते तेच कळणार नाही. एवढा कडक आहे का कायदा?

वकीलसाहेब:
केस कोणीही करू शकतं हो, टिकते का ते बघा. लेखक चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातलीच, तिच्यावर अश्लीलतेची केस झाली, खालच्या कोर्टात ते सुटले, हायकोर्टानं दोषी धरून २५ रुपये दंड केला, १९६९ ला सुप्रीम कोर्टानं सोडलं. निकालात स्पष्ट आहे की लैंगिक उल्लेख आला म्हणून अश्लील ठरवायचं तर निव्वळ धार्मिक पुस्तकंच विकावी लागतील. अश्लीलतेचं पूर्वीचं दंड संहितेतलं कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत २९४ झालंय, साहित्य-कलेच्या हिताचं लेखन असेल तर अपवाद त्यातच आहे. बिनधास्त राहा.

पारावरचा:
बिनधास्त कसं राहणार साहेब, २५ रुपयांच्या दंडापायी सात वर्षं गेली की! संपादक निकालाला घाबरत नाहीत, तारखांना घाबरतात. आणि तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगनना तर कोर्टापर्यंतही जावं लागलं नाही, जानेवारी २०१५ मध्ये नामक्कलला अधिकाऱ्यांसमोर बसवून माफी लिहून घेतली, कादंबरीच्या न विकलेल्या प्रती मागे घ्यायला लावल्या आणि त्या माणसानं फेसबुकवर आपल्यातला लेखक मेला म्हणून जाहीर केलं. मद्रास हायकोर्टानं ती तडजोड बंधनकारक नाही म्हटलं जुलै २०१६ ला. मला अजून वाचून त्रास होतो त्याचा.

सुमामावशी:
निशिगंधा, नाटक असतं तर राज्य सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवावी लागली असती, कथेला छापण्याआधी कुणाचीही परवानगी लागत नाही. म्हणजे ही कात्री संपादकांचीच, तेव्हा नेमकी कुठली वाक्यं नकोत ते ईमेलवर मागून घे, फोनवर नको. आणि तुला न विचारता काही गाळणार नाही हेही लिहून घे बाई.

निशिगंधा_७:
मावशी, ईमेल केला. दोन शब्द बदलेन, पण तिचं 'नको' जाणार नाही. ऐकलं नाही तर कथा परत मागवते. अजून कुठल्या अंकाची मुदत शिल्लक आहे का, कुणाला माहितीये?