मदत हवी आहे: माळ्यावर सापडलेले मोडी कागद चिकटून वडी झालेत, कसे सोडवू?

नमस्कार मंडळी,

नारायण पेठेतला आमचा (म्हणजे सासरचा) वाडा पुनर्विकासाला चाललाय. दिवाळीनंतर जागा रिकामी करून द्यायची, म्हणून गेले तीन रविवार मी आणि नणंद माळे उपसतोय. दोन पोती रद्दी, अकरा बिनझाकणांचे डबे आणि एक मोडका पाळणा एवढं झाल्यावर अगदी आतल्या तुळईपाशी एक पत्र्याची ट्रंक निघाली. किल्ली अर्थातच नाही. कडी कापून उघडली.

आत लाल कापडात बांधलेला कागदांचा रुमाल, सासूबाईंच्या सासूबाईंची पैठणी, एक पितळी लामणदिवा आणि ग्रामोफोनच्या सात-आठ तबकड्या. ट्रंकेशेजारी पाणी तापवायचा तांब्याचा बंब. तो भंगारवाल्याने आल्याआल्या उचलून किलोचा भाव सांगितला, त्याला चहा देऊन परत पाठवलं.

माझा प्रश्न मुख्यतः कागदांचा. सासूबाई म्हणतात, हा रुमाल १२ जुलै १९६१ ला तळमजल्यावरच्या कपाटात होता. पानशेत फुटलं त्या दिवशी आमच्याकडे पाणी देवळीच्या वर चढलं होतं. त्या नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. पूर ओसरल्यावर आजेसासऱ्यांनी कागद गच्चीत वाळवले आणि तसेच बांधून माळ्यावर टाकले. त्यानंतर कुणी सोडलेच नाहीत. आता वरची पाच-सहा पानं सुटी आहेत, खाली गाळासकट वडी झालीय. अक्षर मोडी, घरात कुणाला वाचता येत नाही. एका कोपऱ्याला मी कुकरची वाफ दाखवून बघितली. पान सुटलं, पण त्यावरचा जांभळा शिक्का पसरला. तेव्हापासून हात लावलेला नाही.

आणखी दोन गोष्टी. लामणदिवा चिंच-मिठाने घासू का? आणि धाकटे दीर तो न्यू जर्सीला नेतो म्हणतात, त्यात काही अडचण?

(तबकड्यांपैकी एक नणंदेने स्पिरिटने पुसली. ती आता तव्यासारखी दिसते. तिला कृपया कुणी काही बोलू नका, आधीच खूप झालंय.)

बोरूबहाद्दर
ताई, वाफ बंद. पट्टी, सुरी, सुई काही घालू नका. बोरूची काळी शाई बहुतेकदा काजळाची असते, ती पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. म्हणून तर पुरातून अक्षर वाचलं. जांभळे शिक्के मात्र ओल लागताच फुटतात. वडी आहे तशीच पुठ्ठ्यावर ठेवा, वर जाड सुती कापड, खोली कोरडी. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. सुट्या पानांना सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही. सुट्या पानांचे दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता फोटो काढून ठेवा. मग सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन विचारा. १९१० पासूनची संस्था आहे, मोडी जाणणारी माणसं तिथे भेटतात. वडी सोडवणं हे कागद-संवर्धन करणाऱ्याचंच काम, तेही तिथेच विचारा.

तारीख शके असेल तर ७८ मिळवा, साधारण इसवी सन येतो.

पेठकर
बंब विकलात तर मी धाग्यावर येणं सोडेन. कसबा पेठेत तांबट आळीत घेऊन जा. गळत असेल तर झाळून देतील, पोचे ठोकून काढतील.

लामणदिव्याला चिंच नको, पीतांबरी नको, लिंबूही नको. काळवंडलेला थर हेच त्याचं वय. मऊ ब्रशने धूळ झाडा, तेलाचा चिकटा असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि लगेच कोरडा करा. आधी शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालयात दिवे बघून या, घासायची इच्छाच मरेल.

साडीवाली
पैठणी घड्यांवर चिरली असेल, बघा. जुन्या घडीवर परत घडी घालू नका. पांढऱ्या धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळा, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. ‘जरी गाळून चांदीचे पैसे देतो’ म्हणणारे दारावर येतील. त्यांनाही चहा द्या आणि परत पाठवा.

गुळगुळीत_रेकॉर्ड
बोलत नाही, फक्त सांगतो. त्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फ्रेंच पॉलिश करणारा सुतार तेच तर करतो. बाकीच्या कोरड्या मऊ ब्रशने झाडा आणि उभ्या ठेवा.

कलम_काढा
दिराबद्दल. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, ऐतिहासिक मोल असलेल्या हस्तलिखितांना तर ७५ वर्षांचीच मर्यादा. तेवढं वय नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घेऊन मग बॅग भरा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. बंब तांबट आळीत पोचलाय. पैठणी मलमलीत आहे, पदरावर दोन चिरा आहेत, बाकी ठीक.

सुट्या पानांचे फोटो ओळखीतल्या एका मोडीवाल्या काकांना दाखवले. आम्हाला वाटत होतं इनाम, सनद, निदान जमिनीचा तरी वाद. पहिलंच पान निघालं भांड्यांची यादी! शके १८०३ मधल्या कुठल्याशा लग्नासाठी शेजारी उसनी दिलेली भांडी: घागरी ४, पराती २, तपेली ३, आणि शेवटच्या ओळीत ‘लामणदिवे २’. समोर खुणा केल्यात, परत आलं त्याला आडवी रेघ. दिव्यांपुढे रेघ एकच.

म्हणजे आमच्याकडचा दिवा त्यातलाच असेल तर तो १८८१ च्या आधीचा, आणि दिरांच्या बॅगेचा प्रश्न मिटला. सासूबाईंनी मात्र वेगळाच प्रश्न काढलाय. ते शेजारी कोण, हे पुढच्या पानावर असणार, आणि पुढचं पान वडीत आहे. तेव्हा पुण्यात कागद-संवर्धनाचं काम कुणाकडून करून घेतलंय का कुणी? साधारण किती दिवस लागतात?