सोललेला लसूण किती दिवस टिकतो?

रोज सोलायला वेळ नसतो म्हणून रविवारीच वाटीभर सोलून ठेवते पण गुरुवारपर्यंत पाकळ्या चिकट होतात, डबा उघडला की उग्र वास, तेलात बुडवून ओट्यावर ठेवला तर चालेल का?

>> तेलात घालून बाहेर अजिबात नको ताई! तेलात हवा पोचत नाही, तिथे बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि वासावरून कळतही नाही. फ्रिजमध्येच ठेवा, ४ दिवसांत संपवा.

>> पाकळ्या धुता का? नका धुऊ, डब्यात टिश्यू घाला. अख्खे गड्डे मात्र बाहेरच, जाळीच्या टोपलीत.

>> मी ठेचून पिशवीत चपटा थापून फ्रीझरला टाकते, लागेल तेवढा तुकडा कडकन मोडायचा.

>> धुतच होते! आजपासून बंद, उरलेला फ्रीझरला टाकला.