काजू फोडायच्या मशीनवर 'पेटंटेड' लिहिलंय, हे किती वर्षं चालतं? तसं मशीन बनवू का नको? सल्ला हवाय

लांजा_वर्कशॉप
मंडळी नमस्कार. लांज्याजवळ माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, ग्रिल, गेट, पॉवर टिलरची कामं, आणि सीझनला काजूवाल्यांची कटिंग मशीनं दुरुस्तीला येतात. त्यात एक बी फोडायचं मशीन वरचेवर येतं, त्यात बी आपोआप ब्लेडसमोर सरळ बसते त्यामुळे गर अख्खा निघतो, तुकडा कमी. चांगलंच आहे पण नवीन घ्यायचं तर लहान कारखानेवाल्याला परवडत नाही, म्हणून आमच्याकडचे दोघंतिघं मागे लागलेत की तूच बनवून दे. आता अडचण अशी की प्लेटवर 'पेटंटेड' लिहिलंय, खाली नंबर आहे, त्याच्या मधे मुम आणि शेवटी २००९. विकणाऱ्यांचा माणूस म्हणाला पेटंट २०१६ ला मिळालंय, २० वर्षं धरा, २०३६ पर्यंत कोणी हात लावला तर केस होईल. मला कोणाचं चोरायचं नाहीये पण खरंच एवढी वर्षं थांबायचं का? आणि विचारायचं कोणाला, वकील का पेटंट एजंट? रत्नागिरी साईडला कोणी चांगला माहित असेल तर सुचवा.

मिरजोळे_डिझाईन
दादा, एजंटला एक रुपया द्यायच्या आधी स्वतः पेटंटचं सरकारी रजिस्टर बघा, फुकट आहे. मी मशीन डिझाईनमधेच आहे, कंपनीतर्फे अर्ज केलेत, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, २० वर्षं पेटंट मिळाल्यापासून मोजत नाहीत, अर्ज केला त्या तारखेपासून मोजतात. पेटंट कायदा १९७० चं कलम ५३. २०१६ ला सर्टिफिकेट हातात आलं असेल पण अर्ज २००९ चा आहे (तुमच्या नंबरातलं मुम म्हणजे मुंबई ऑफिस आणि शेवटी अर्जाचं वर्ष, जुन्या नंबरांची पद्धत तशीच होती, २०१६ पासून बारा आकडी नंबर आले त्यात वर्ष सुरुवातीलाच असतं). म्हणजे जास्तीत जास्त २००९ अधिक २०, २०२९. २०३६ हा आकडा कुठल्याच हिशोबात बसत नाही.

आणि ही २० वर्षंसुद्धा आपोआप मिळत नाहीत, हे फार कमी लोकांना माहित असतं. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी रिन्यूअल फी भरावी लागते. आजच्या दराने एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला तिसऱ्या ते सहाव्या वर्षाला ८००, सातव्या ते दहाव्याला २,४००, अकराव्या ते पंधराव्याला ४,८०० आणि सोळाव्यापासून विसाव्यापर्यंत ८,००० दरवर्षी. सगळं जोडलं तर ७६,८०० होतात, मोठ्या कंपनीला याच्या पाचपट. ज्याचं मशीन खपत नाही तो मधेच भरणं सोडतो, आणि सहा महिन्यांच्या सवलतीतही फी भरली नाही तर फी चुकली त्या तारखेपासूनच पेटंट बंद धरतात. म्हणून प्लेटवर काय लिहिलंय त्याला महत्त्व नाही, रजिस्टरला आज काय स्टेटस आहे ते बघायचं.

कसं बघायचं: आयपी इंडियाची सरकारी साईट, त्यात पेटंट सर्चला तो अर्जाचा नंबर टाका, त्यातून पेटंट नंबर मिळेल, मग तो नंबर ई-रजिस्टरमधे टाका. तिथे अर्जाची तारीख, शेवटची फी कधी भरली, पुढची कधी, आणि पेटंट चालू आहे का बंद, सगळं येतं. मोबाईलवर जरा त्रास देते साईट, सायबर कॅफेत कॉम्प्युटरवर करा.

कुडाळचो_झील
माका एक इचारूचा आसा, औषधांचा पण असाच आसता काय? आवशीक शुगर आसा, तिची सिताग्लिप्टिनची गोळी पयली लय म्हाग होती, मगे एकदम सवाय झाली, वेगवेगळ्या कंपन्यांची मिळाक लागली. मेडिकलवालो म्हणालो पेटंट संपला.

मिरजोळे_डिझाईन
@कुडाळचो_झील हो, बरोबर सांगितलंन त्याने. सिताग्लिप्टिनचं मूळ पेटंट भारतात जुलै २०२२ ला संपलं आणि लगेच आपल्या कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या. औषधालाही तीच २० वर्षं, फक्त मशीनपेक्षा तिथे जास्त वाया जातात कारण चाचण्या नि परवानग्यांत बरीच वर्षं जातात. अमेरिकेत त्या बदल्यात पाच वर्षांपर्यंत मुदत वाढवून मिळू शकते, आपल्या कायद्यात तशी वाढ नाहीच. माझ्या मते ते योग्य आहे, शुगरची गोळी जन्मभर घ्यायची असते, त्यात एकेक वर्ष लांबलं की किती घरांचं बजेट हलतं. आपल्याकडे पूर्वी तर औषधाच्या पदार्थाला पेटंटच मिळत नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीला, ते पण पाच-सात वर्षांचं. पदार्थाला द्यायला लागले ते १ जानेवारी २००५ पासून.

वेंगुर्ल्याची_माय
आमचा काजू प्रोसेसिंगचा घरगुती युनिट आहे म्हणून लिहिते. भाऊ, नुसतं पेटंट बघून थांबू नका, मशीनच्या बाहेरच्या आकाराचं डिझाईन वेगळं रजिस्टर केलेलं असू शकतं, ते १० वर्षं आणि फी भरली तर आणखी ५, एकूण १५. आणि ब्रँडचं नाव म्हणजे ट्रेडमार्क, तो दर १० वर्षांनी रिन्यू करत राहिलं तर कधीच संपत नाही. त्यामुळे मशीनची आतली रचना मोकळी झाली तरी त्यांचं नाव, स्टिकर, रंगसंगती घेऊ नका. वेंगुर्ला काजूच्या जीआयचंही (भौगोलिक मानांकन) असंच, दहा-दहा वर्षांनी वाढवायचा.

लांजा_वर्कशॉप
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी समजावलं नव्हतं. बघून आलो. अर्ज ऑगस्ट २००९, पेटंट २०१६ ला मिळालेलं, बरोबर. पण फी दहाव्या वर्षापर्यंतच भरलेली दिसते, ऑगस्ट २०१९ नंतर काही नाही आणि स्टेटसला सीज्ड (Ceased, म्हणजे बंद) लिहिलंय. याचा अर्थ मोकळं झालं असंच ना? का ते आता फी भरून परत चालू करू शकतात? बनवायला घेतलं आणि सहा महिन्यांनी नोटीस आली तर लोखंडात घातलेले पैसे बुडतील, म्हणून विचारतोय.

मिरजोळे_डिझाईन
छान काम केलंत. बंद पडलेलं पेटंट परत चालू करायला अर्ज करता येतो पण बंद झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत (कलम ६०). तुमच्या केसमधे ती मुदत फेब्रुवारी २०२१ लाच गेली. तेव्हा कोणी तसा अर्ज केला असता तर रजिस्टरला दिसला असता. म्हणजे २००९ च्या अर्जात जे लिहिलंय ते आता कोणीही बनवू शकतं, विकूही शकतं. त्या अर्जाचं पूर्ण स्पेसिफिकेशन (मशीनचं सविस्तर लेखी वर्णन) ड्रॉइंगसकट त्याच साईटवरून डाउनलोड करा, मशीन उघडून मापं घेण्यापेक्षा त्यातून जास्त कळेल. पेटंट देताना सरकार सगळं लिहून घेतं ते यासाठीच.

फक्त एक खबरदारी, आणि इथे मात्र मी पेटंट एजंटला पैसे द्या म्हणेन. आज विकतात त्या मॉडेलमधे नंतरची काही सुधारणा असेल, समजा बी चाळून साईजप्रमाणे सोडायची सोय, आणि तिच्यावर २०१६-१८ चा वेगळा अर्ज असेल, तर त्या भागावर अजून त्यांचा हक्क असू शकतो. त्याच कंपनीच्या नि मालकाच्या नावाने सर्च मारा, जे निघेल ते एजंटला दाखवा. एजंट रजिस्टर्ड आहे का ते सरकारी यादीत तपासता येतं. रत्नागिरीतच हवा असं काही नाही, सगळं ऑनलाईन चालतं, मुंबईचा-पुण्याचा कुठलाही चालेल. वकिलाची गरज नोटीस आली तरच.

लांजा_वर्कशॉप
सुधारणेवरून आठवलं, आपल्याकडची गावठी बी बारीक असते ती त्या मशीनमधे नीट बसत नाही, त्यावर मी स्प्रिंगवाली वेगळी पट्टी बसवलीय, दोन गिऱ्हाईकांकडे चाललीय मस्त. भाचा म्हणतो व्हिडिओ टाकूया.

मिरजोळे_डिझाईन
व्हिडिओ अजिबात टाकू नका! व्हॉट्सॲप ग्रुपवर पण नको. आधी जगजाहीर झालं की नवीनपणा गेला, मग पेटंट मिळत नाही. गिऱ्हाईकांकडे किती दिवस चाललीय, त्यांनी कोणाला दाखवलीय, हे एजंटला आधीच खरं खरं सांगा, कारण त्याचाही परिणाम होतो. त्याने हिरवा कंदील दिला तर प्रोव्हिजनल (सुरुवातीचा, तात्पुरता) अर्ज टाका, एकट्या माणसाला ऑनलाईन सरकारी फी १,६०० आहे, एजंटची वेगळी. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यायचं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. तुमची २० वर्षं त्या प्रोव्हिजनलच्या तारखेपासूनच चालू होतील. आज रात्री बसून पट्टीचं ड्रॉइंग हाताने का होईना काढा, मापं टाका, बारीक बीवर किती गर अख्खा निघतो ते लिहून ठेवा, एजंट पहिलं तेच मागेल.